भूमिका, सवंगडी आणि हरवलेला शब्द

शाळेत असताना कविता रचणारा विद्यार्थी दहावीनंतर लिहीत नाही, नोकरीला लागल्यावर गात नाही आणि चाळिशीत ‘आपल्याला हे जमत नाही’ असे ठामपणे सांगू लागतो, हा अनुभव आम्हा शिक्षकांना नवा नाही. वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांतून आलेल्या, घरात प्रथमच शिकणाऱ्या मुलांत तो विशेष आढळतो. प्रमाणभाषेचे दडपण, चुकल्यास हसतील ही धास्ती आणि कला ही इतरांची मिरासदारी होय, अशी पिढ्यान्‌पिढ्या बिंबवलेली समजूत, ही त्याची कारणे आहेत. निर्मितीशक्ती आटलेली नसते, तिच्यावरचा विश्वास आटलेला असतो. तो परत मिळवता येतो, याला आपला इतिहास साक्षी आहे.

लोककवी वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घेऊ. 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना बालपणी शाळा लाभली नाही. मुंबईत मजुरी करताना, तरुण वयात ते अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी सराव केला. 1943 साली रचलेले त्यांचे पहिले गीत म्हणजे एका हिंदी गीताचे विडंबन होते. ओळखीच्या चालीवर आपले शब्द बसवून पाहण्याच्या या खेळातूनच पुढे असंख्य गीतांचा कवी घडला.

दुसरा दाखला जलशाचा. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत नाशिकचे भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे गावोगावी पोहोचवले. त्यांतील कलावंत कष्टकरी वर्गातले होते. ज्या सावकारापुढे वा पाटलापुढे दिवसा मान वर करता येत नसे, त्याचीच भूमिका रात्री वठवताना त्याच्या सत्तेचे मर्म उमगे आणि स्वतःचा दबलेला आवाजही मोकळा होई. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी रंगवले, तेव्हा हाच वारसा शिक्षणसंस्थेच्या रंगमंचावर आला.

आज या वारशाला एक नवे साधन जोडता येईल. 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून मेजाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा प्रसार झाला. त्यात ना रंगमंच, ना प्रेक्षक, ना पाठांतर. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, इतर आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फासा देतो. प्रेक्षकच नसल्याने फजितीचे भय उरत नाही. उलट, फासा विरुद्ध पडला की कथा अधिक रंगते.

यासाठी महागडे साहित्य नको. गुंजवणी खोऱ्यातील एका काल्पनिक गावाला धरणाची नोटीस आली आहे, असे समजा. एकाने भूमिहीन मजूर स्त्री व्हावे, दुसऱ्याने पाटील, तिसऱ्याने मोजणीदार, चौथ्याने शाळकरी मुलगी. नकाशा वहीच्या पानावर काढावा. तलाठी कार्यालयात भेटेल का, पुरात ओढा ओलांडता येईल का, हे फाशावर सोडावे. पाटलाच्या घरातील मुलाने मजूर स्त्रीच्या बाजूने एक तास बोलून पाहिले, तर तो नुसता खेळ राहत नाही. समतेचा तो एक पाठ ठरतो.

खेळापूर्वी मात्र थोडे आत्मपरीक्षण हवे. ‘मी कोणती गोष्ट आवडीने करीत होतो? ती कधी सुटली? कोणाच्या शब्दाने सुटली?’ हे तीन प्रश्न स्वतःला शांतपणे विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत. त्यानंतर रोज दहा मिनिटांची एखादी खेळकर सवय लावावी: ओळखीच्या चालीवर दोन ओळी, एसटीतील अनोळखी प्रवाशाची कल्पित कथा किंवा डाव्या हाताने तोरण्याचे चित्र. ते कोणाला दाखवण्याची सक्ती नसावी. स्वतः बाबासाहेब राष्ट्रकार्याच्या धबडग्यातही उतारवयात व्हायोलिन शिकू लागले होते. शिकाऊ होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ जुन्या सवंगड्यांसाठी राखावी आणि आपल्या मुलांनाही त्या मेजाभोवती बसवावे. पालकांनीही लेकरांच्या खेळाला वेळेचा अपव्यय मानू नये. ज्यांच्या पूर्वजांना बोलण्याचीच बंदी होती, त्यांच्या वंशजांनी संकोचापोटी मौन पत्करणे आपल्याला परवडणारे नाही.