होला पाणी कसा पितो?

शाळेच्या आवारात किंवा माळावरच्या बाभळीखाली जोडीने दाणे टिपणारा होला आपण सर्वांनी पाहिला आहे. महाराष्ट्रात त्याच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी छोटा तपकिरी होला विरळ झाडीच्या, कोरड्या प्रदेशात व मनुष्यवस्तीजवळ राहतो.

हा पक्षी सुमारे २७ सेंटीमीटर लांब, म्हणजे पारव्यापेक्षा लहान असतो. पाठ मातकट तपकिरी, डोके गुलाबीसर, पंखांवर निळसर करडा पट्टा व पोट पांढुरके असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंस बुद्धिबळाच्या पटासारखी तांबूस-काळी नक्षी, ही त्याची खूण. नर-मादी सारखीच दिसतात. घरटे म्हणजे चार काटक्यांची विरळ रचना. कधी कधी खालून अंडीही दिसतात! अंडी दोन, पांढरी. नर व मादी दोघेही ती उबवतात आणि आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे ‘दूध’ पिल्लांना भरवतात.

होल्याचे मुख्य अन्न कोरडे बी. त्यामुळे त्याला पाणी वरचेवर लागते. चिमणी चोचीत थोडे पाणी घेते व मान वर करते. पाणी गुरुत्वाकर्षणाने घशात उतरते. होला मात्र चोच बुडवून, मान खाली ठेवूनच सलग पाणी पितो. मग पाणी वर कसे चढते?

होला तोंडातील पोकळी मोठी करतो. आतील दाब कमी होतो व बाहेरील वातावरणाचा दाब पाणी आत ढकलतो. नळीने सरबत पिताना आपण हेच करतो. चढण ३ सेंटीमीटर धरू. दाबातील फरक = उंची × घनता × गुरुत्वत्वरण = ०.०३ × १००० × ९.८ = २९४ पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो. म्हणजे त्याच्या ०.३ टक्के एवढाच फरक पुरतो!

पण चोचीची फट उघडी राहिली तर पाण्याऐवजी हवाच आत शिरेल. म्हणून उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवाल, तेव्हा पसरट मातीच्या भांड्यात ते दोन-तीन सेंटीमीटर खोल ठेवा. नुसत्या ओल्या तळावर होल्याची तहान भागणार नाही. मग दूर बसून पाहा : कोणता पक्षी मान वर करतो आणि कोणता करत नाही? वहीत नोंद करा. आणि विचार करा, सरबताच्या नळीला मध्ये टाचणीने भोके पाडली, तर काय होईल?