मनोरुग्णांची नभोवाणी

मनोविकार जडलेल्या माणसाचे म्हणणे ऐकणे प्रथम घरातच बंद होते. त्याच्या साध्या तक्रारीलाही आजाराचे लक्षण समजले जाते. औषधांनी भ्रम ओसरला, झोप लागू लागली, तरी ‘वेडा’ हा शिक्का पुसला जात नाही. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे अशा रुग्णाला आधी बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला नेतात आणि नंतर, बहुधा उशिराच, डॉक्टरांकडे. या एकाकीपणावर अर्जेंटिनात योजलेला एक उपाय परतूरसारख्या तालुक्यानेही समजून घेण्याजोगा आहे.

ब्वेनोस आयरेस येथील बोर्दा मनोरुग्णालयाविषयी बोलण्यास १९९१ साली एका छोट्या नभोवाणी केंद्राने आल्फ्रेदो ऑलिवेरा या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला बोलावले. स्वतः बोलण्याऐवजी त्याने रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून नेले. श्रोत्यांनी प्रश्न विचारले. तेही मुद्रित होऊन रुग्णालयात आले आणि रुग्णांनी त्यांना उत्तरे दिली. या देवाणघेवाणीतून ‘ला कोलिफाता’ ही नभोवाणी उभी राहिली. वेडसर माणसासाठी तेथील बोलीत असलेला हा काहीसा लाडिक शब्द! पुढे शनिवारी रुग्णालयाच्या आवारातूनच प्रक्षेपण होऊ लागले. २००३ मध्ये बार्सिलोना येथे ‘रेडिओ निकोसिया’ सुरू झाला, तो याच प्रेरणेने.

ध्वनिक्षेपकापुढे पाळीची वाट पाहावी लागते, दुसऱ्याचे ऐकावे लागते, नेमक्या वेळात म्हणणे मांडावे लागते. दीर्घ आजारात नेमक्या याच सवयी मोडलेल्या असतात. शिवाय भिंतीपलीकडून कोणी उत्तर देतो, तेव्हा रुग्ण हा केवळ रुग्ण राहत नाही. तो निवेदक होतो. अर्थात नभोवाणी औषधाची जागा घेत नाही आणि तसा दावा कोणी करूही नये.

भारतात २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. परंतु परतूरने आरंभीच परवान्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. ऑलिवेरापाशी तरी स्वतःचे केंद्र कोठे होते? ध्वनिमुद्रणाची सोय असलेला भ्रमणध्वनी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांची देखरेख आणि ते बोलणे ऐकून उलट प्रश्न पाठविणारी एखादी शाळा किंवा ग्रामसभा एवढ्यावर हा प्रयोग सुरू होऊ शकतो.

संमतीबाबत मात्र हयगय चालणार नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २४ नुसार, मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीविषयीची माहिती तिच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. म्हणून मुद्रण झाल्यावर ते रुग्णाला ऐकवावे. त्याने नको म्हटलेला भाग तेथेच पुसावा. नाव सांगायचे की नाही, हे त्यानेच ठरवावे, सरपंचांनी किंवा घरच्यांनी नव्हे.