वेगवान लोहमार्ग व शेतकऱ्याची संमति

लोहमार्गाचें काम रुळांपासून नव्हे, जमिनीच्या मोजणीपासून सुरू होतें. आणि मोजणीची साखळी ज्याच्या बांधावरून ओढावयाची, त्याची मनापासून संमति नसेल तर काम पदोपदीं अडतें. मुंबई-अहमदाबाद वेगवान लोहमार्ग आपल्या वसई-विरार भागांतून जात असल्यामुळें वाचकांनीं या विषयाचा नीट विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

लोहमार्ग वसईस नवा नाहीं. १८६७ सालीं विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली व पुढें याच मार्गानें वसईचीं केळीं, विड्याचीं पानें, फुलें व भाजीपाला शहरांत जाऊं लागला. नवा मार्ग मात्र निराळ्या जातीचा आहे. त्याच्या ५०८ किलोमीटरांपैकीं सुमारें १५६ किलोमीटर महाराष्ट्रांत असून, १२ स्थानकांपैकीं वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणें, विरार व बोईसर हीं चार आपल्या राज्यांत येतात. वेग ताशीं ३२० किलोमीटर ठरविला आहे. परंतु या गाडींतून उतारू जावयाचे, टोपल्या नव्हेत. लाभ व्हावयाचा तो मुख्यतः स्थानकाभोवतीं वाढणाऱ्या वस्तीमुळें; आणि ती वस्ती बहुधा बागायतीवरच चालून येते, हेंही ध्यानांत ठेवावें.

मार्गाचा बहुतेक भाग खांबांवर उचललेला असून त्यास सुमारें १७.५ मीटर रुंदीची पट्टी लागते. मातीचा भराव घातल्यास पाणी तुंबतें व शेत दुभंगतें. खांबांखालून मात्र ओढा व गाडीवाट मोकळी राहूं शकते. तथापि बांधकामाच्या वेळीं तात्पुरते रस्ते होतात व राडारोडा पडतो. त्यानें भातखाचराची मोरी बुजली, तर एका पावसाळ्यांत पीक जातें.

या मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजीं झाली. त्यानंतर पालघर जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांनीं विरोधाचे ठराव केले, आणि संपूर्ण मार्गाची जमीन हातीं आल्याचें २०२४ च्या जानेवारींत जाहीर झालें. १९६४ सालीं असा पहिला मार्ग बांधणाऱ्या जपानांतही नरिता विमानतळाकडील वेगवान मार्ग १९७४ सालीं हातीं घेतला गेला व जमिनीच्या विरोधामुळें पुढें सोडून द्यावा लागला. यावरून बोध इतकाच कीं, लोकांचा पाठिंबा जाहिरातींनीं मिळत नाहीं. नकाशा आधीं गांवांत यावा, दर उघड सांगावा, शंकेस लेखी उत्तर मिळावें. मग विरोधासही मार्ग सांपडतो.

ज्यांच्या गांवांवरून पुढें असे मार्ग जातील, त्यांनीं २०१३ चा भूसंपादन कायदा समजून घ्यावा व पुढील गोष्टी संभाळाव्या :

१. सातबारा व आठ-अ चे उतारे काढून वारसनोंदी आजच पुऱ्या कराव्या. मयताच्या नांवावरील जमिनीचा मोबदला वर्षानुवर्षें अडकून राहतो.

२. प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांच्या आंत हरकत लेखी द्यावी व पोंच घ्यावी.

३. मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहून झाडें, विहीर व उभें पीक पंचनाम्यांत नोंदवून घ्यावें. जें नोंदलें नाहीं, त्याचा मोबदला मागणें कठीण जातें.

४. कायद्यान्वये ठरलेल्या रकमेवर तितकेंच दिलासा-द्रव्य मिळतें. ग्रामीण भागांत बाजारभावास एक ते दोन यांमधील गुणकही लागतो. निवाडा मान्य नसल्यास रक्कम निषेध नोंदवून घ्यावी. निवाड्याच्या वेळीं आपण हजर असलों, तर सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो.

५. राजीखुशीनें खरेदीखत करून देण्यापूर्वीं कागद वकिलास दाखवावा.

मोबदला हातीं येतो तेव्हां पैसा मोठा दिसतो. परंतु जमीन पिढ्यांना पोसते आणि रोकड एका लग्नसराईंत संपते. म्हणून मिळालेल्या रकमेंतून प्रथम दुसरी जमीन, निदान उरलेल्या शेतास विहीर व कुंपण करावें. देशाची गाडी वेगानें धांवो. मात्र तिला वाट देणारा शेतकरी मागें राहूं नये, ही खबरदारी सरकाराइतकीच आपणही घेतली पाहिजे.