आत शिरण्यापूर्वी बाहेरची वाट

ज्या गावाची झोप आणि जाग पिढ्यानुपिढ्या यंत्रमागांच्या पाळ्यांनी ठरवली, जेथे शुक्रवारी माग थांबले म्हणजेच आठवडा सरल्याची खूण पटते, आणि जेथे बारा-बारा तास उभ्याने राबणाऱ्या माणसाला चार घटकांचा विसावा ही चैन नसून निकड असते, त्या भिवंडीला करमणुकीची ठिकाणे कशाला हवीत, असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमच्या लहानपणी सहल म्हणजे वज्रेश्वरीचे देवीदर्शन, अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडातले स्नान आणि बरोबर नेलेल्या डब्यातले जेवण. थोरामोठ्यांसाठी गावातली चित्रपटगृहे होती आणि आग्रा रोडच्या कडेचे ढाबे होते. पुढे माणकोली, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या भातशेतीवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, नाशिक महामार्ग रुंद होऊ लागला, समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक तालुक्यातील आमणे येथे येऊन थांबले, आणि त्या ओघातच, एका छपराखाली भोजन, खेळ, संगीत आणि वाढदिवसांचे सोहळे यांची सोय करणारी संकुलेही आमच्या परिसरात आली. मला त्यांचे स्वागतच वाटते. कुटुंबाने एकत्र बसून चार घास खावेत, मुलांनी खेळावे, कधी न भेटणारी भावंडे भेटावीत, यात वावगे काहीच नाही. परंतु अशाच एका ठिकाणी आमच्या कुटुंबाने जे अनुभवले, त्यातून मला जे उमगले, ते चार लोकांपुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो. त्या जागेचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही; कारण जे सांगावयाचे आहे ते एका जागेपुरते नाही.

पुतणी सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली, म्हणून थोरले बंधू, वहिनी, आमची दोन्ही घरची मुले आणि मी असे सारे एका संध्याकाळी त्या संकुलात गेलो. इमारत मूळची गोदामाची होती. उंच पत्र्याच्या छपराखाली लोखंडी सांगाडा घालून मधोमध एक मजला काढलेला. तळाला लहान मुलांची क्रीडादालने आणि वरच्या मजल्यावर भोजनगृह. भोजनगृहाच्या छताला कापडी झालरी, प्लास्टिकच्या वेली आणि रंगीत दिव्यांच्या माळा. वर जाण्याचा जिना प्रशस्त असला तरी चढणीचा होता आणि दादांचे गुडघे काही वर्षांपासून साथ देत नाहीत, म्हणून वहिनींनी दारातच वाढप्याला विचारले, “ह्यांना एवढ्या पायऱ्या चढवत नाहीत हो, दुसरी वाट आहे का?” तो मुलगा आदबशीर होता. “या काकू, मागे सामान चढवायचा उतार आहे,” असे म्हणून त्याने आम्हां सर्वांना इमारतीला वळसा घालून, मागच्या लोखंडी दारातून वर नेले. ती वाट ओबडधोबड होती, तिच्यावर दिवा एकच होता, आणि पाहुण्यांनी तिच्यावरून जावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्या वाटेचे मोल काय आहे, हे तेव्हा आम्हांला कळण्याचे कारण नव्हते.

जेवण निम्म्यावर आले असता भटारखान्यातील तंदूरच्या धुराड्यात साचलेल्या तेलातुपाने पेट घेतला. ज्वाळा आम्हांला दिसल्याच नाहीत. दिसला तो धूर. छतालगतच्या झालरींतून तो काळा, जाड आणि तेलकट धूर पसरत आला, पाठोपाठ दिवे गेले, आणि शेकडो माणसे असलेल्या त्या दालनात क्षणभर जी शांतता पसरली तिच्यानंतर खुर्च्या कोसळण्याचा एकच कल्लोळ झाला. सारा जमाव ज्या जिन्याने वर आला होता त्याच जिन्याकडे धावला, कारण माणूस संकटात ओळखीची वाट धरतो, मग ती अडलेली असली तरी. दालनाच्या दुसऱ्या टोकाला हिरव्या अक्षरांत ‘बाहेर’ असे लिहिलेले एक दार होते खरे, पण त्याच्यापुढे जादा खुर्च्यांची चळत लावलेली होती आणि कडीला कुलूप होते. अशा वेळी वहिनींचा आवाज ऐकू आला, “मागच्या उताराने चला.” दादांना मध्ये घेऊन, आजूबाजूच्या मेजांवरील लोकांना हाका मारीत आम्ही त्या लोखंडी दाराने खाली उतरलो, आणि आमच्या मागोमाग पुष्कळ अनोळखी माणसेही उतरली.

बाहेर आल्यावर दुसरा घोर समोर उभा राहिला. पुतण्याची दोन लहान मुले तळमजल्यावरच्या क्रीडादालनात होती, आणि त्या दालनाचे फाटक मनगटावरच्या पट्ट्यानेच उघडणारे असल्यामुळे वीज जाताच अडून बसले होते. तेथे काम करणाऱ्या एका तरुणाने ते फाटक अंगबळाने उचलून धरले आणि मुलांना एकेक करून बाहेर काढले. त्या मुलाचे उपकार आमच्या घराला विसरता येणार नाहीत. तोवर आपापली मुले शोधण्यासाठी आईबाप धुराने भरलेल्या इमारतीत पुन्हा शिरत होते, कारण बाहेर पडल्यावर कोठे जमायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. आगीचा बंब निघाला होता, परंतु तो महामार्गावरील कंटेनरांच्या रांगेत अडकला. तो पोचेपर्यंत कामगारांनीच विझवण्याच्या नळकांड्यांनी आणि वाळूच्या बादल्यांनी आग आटोक्यात आणली. कोणाचा प्राण गेला नाही. काहींना धुराने श्वासाचा त्रास झाला, काहींना धक्काबुक्कीत लागले. त्या रात्री आमचे कुटुंब सुखरूप घरी आले ते कोणाच्या शौर्यामुळे किंवा चपळाईमुळे नव्हे. दादांच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे आम्हांला दुसरी वाट आधीच ठाऊक झाली होती, एवढ्याच एका कारणामुळे.

ज्यांना ती वाट ठाऊक नसते त्यांचे काय होते, याची साक्ष मुंबईतच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचे पुष्कळसे विणकाम भिवंडीच्या मागांकडे वळले आणि गिरण्यांच्या आवारांत कालांतराने कचेऱ्या व उपाहारगृहे आली. त्यामुळे लोअर परळच्या कमला मिलचे नाव भिवंडीकराला परके नाही. २८ डिसेंबर २०१७ची मध्यरात्र उलटल्यावर त्या आवारातील छतावरच्या दोन उपाहारगृहांना आग लागली. बांबू, कापड आणि प्लास्टिक यांच्या आच्छादनांनी ती पाहता पाहता पसरवली, आणि १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकजण भाजून नव्हे, तर गुदमरून गेले. बाहेरची वाट न सापडल्याने त्यांनी प्रसाधनगृहाचा आसरा घेतला होता, आणि तेथे धुराने त्यांना गाठले. वाढदिवस साजरा करण्यासाठी आलेली एक तरुणीही त्यांच्यात होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी आगीत ५९ प्रेक्षक दगावले, तेव्हाही बंद दारे आणि धूर हीच कारणे होती. राजकोटच्या एका गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत मुलाबाळांसह पंचवीसहून अधिक जीव गेले. गोव्यातील हडफडे येथील नाइटक्लबमध्ये डिसेंबर २०२५मध्ये लागलेल्या आगीत २५ जण दगावले, आणि त्यांतले बहुसंख्य पाहुणे नव्हते. ते तेथे राबणारे कामगार होते. दूर देशीची मुले आपल्या गावात पोटासाठी येतात आणि भटारखान्याच्या मागच्या खोलीत राहतात, ही गोष्ट भिवंडीइतकी दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असेल? या साऱ्या घटनांत आगीचे निमित्त निरनिराळे असले, तरी बाहेर पडण्याच्या वाटेची उणीव ही सर्वत्र सारखी आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, अशा ठिकाणी गेल्यावर मेजावर बसण्यापूर्वी बाहेर पडण्याच्या दोन वाटा डोळ्यांनी पाहाव्यात, आणि शक्य तर दुसऱ्या वाटेने पाच पावले प्रत्यक्ष चालून यावे. दार आहे एवढे पुरेसे नाही. ते उघडते का, त्याच्यापुढे खुर्च्या वा खोकी तर रचलेली नाहीत, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडते का, हे पाहणे अगत्याचे आहे, कारण आत उघडणारे दार माणसांच्या दाबाने बंदच राहते. भिंतीवरच्या आग विझवण्याच्या नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे आणि त्याच्या चिठ्ठीवर तपासणीची तारीख असली पाहिजे. छत बांबू, चटया, कापड किंवा प्लास्टिक यांनी मढवलेले असेल आणि त्याखाली हुक्का, मेणबत्त्या वा फटाक्यांचे खेळ चालत असतील, तर ती जागा कितीही मनोहर असो, तेथून परत फिरण्यात कमीपणा नाही.

दुसरी विनंती घरातल्या व्यवस्थेविषयी. मुले खेळावयास निघाली की त्यांच्याबरोबर कोण हे आधीच ठरवावे, आणि काही विपरीत घडले तर बाहेर कोणत्या खुणेपाशी जमायचे तेही सर्वांना सांगून ठेवावे. म्हाताऱ्या माणसांना आणि अधू माणसांना दारापासून जवळचे आसन द्यावे. धूर दिसताच पिशव्या, मोबाइल, बिल यांचा विचार सोडून उठावे. धूर वर चढतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत, नाकातोंडावर ओले फडके धरून चालावे. लिफ्टचा वापर करू नये, आणि प्रसाधनगृहात वा ज्या खोलीला दुसरी वाट नाही अशा कोणत्याही खोलीत आसरा घेऊ नये. बाहेर पडलेल्या माणसाने पुन्हा आत न शिरता १०१ किंवा ११२ या क्रमांकावर खबर द्यावी आणि आत कोण राहिले आहे ते बंबवाल्यांना सांगावे.

परतीचा रस्ता हाही बाहेरच्या वाटेचाच भाग आहे. ठाणे शहराच्या हद्दीत दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असतात आणि रात्री ती सोडली जातात. म्हणजे ज्या सुमारास आपण जेवून उठतो त्याच सुमारास माणकोली आणि राजणोली नाक्यांवर कंटेनरांचा लोंढा येतो, आणि पावसाळ्यात त्यात खड्ड्यांची भर पडते. ज्याला लहान मुले घेऊन ठाण्याकडे किंवा कल्याणकडे जायचे आहे त्याने संध्याकाळी लवकर जाऊन लवकर निघावे. दुचाकीवर तिघांनी बसून कंटेनरांच्या फटींतून वाट काढू नये. आणि परमिट रूममध्ये बसलेल्याने गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी, मग कायद्याने ठरवलेल्या मर्यादेचा हिशेब करण्याची वेळच येणार नाही.

या झाल्या पाहुण्याच्या गोष्टी. परंतु सारा भार पाहुण्यावर टाकणे न्यायाचे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याने आगीपासून संरक्षणाची साधने बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून त्याबद्दलचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करणे आवश्यक केले आहे. हा दाखला दर्शनी भागी लावा, असे व्यवस्थापकाला नम्रपणे सांगता येते. तो दाखवण्यास नकार मिळाला तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपयांच्या शुल्कात संबंधित दफ्तरी अर्ज करता येतो. आमच्या भागात महापालिकेची हद्द संपते तेथे ग्रामपंचायतींची हद्द सुरू होते आणि गोदामे व संकुले पुष्कळदा त्या सीमेवरच उभी असतात. म्हणून अर्ज कोणत्या दफ्तरी द्यावा हे आधी विचारून घ्यावे, आणि एका दफ्तराने दुसऱ्याकडे बोट दाखवले तर दोन्हीकडे द्यावा.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की आनंदाच्या वेळी असल्या चौकशा करणे अशुभ आहे आणि सोबतच्यांनाही ते संकोचाचे वाटेल. परंतु आपण उपाहारगृहात शिरताना शाकाहारी स्वयंपाक वेगळा आहे का, मांस हलाल आहे का, हे बिनदिक्कत विचारतो, आणि मालकही त्याचे उत्तर तत्परतेने देतो, किंबहुना दारावर पाटी लावून ठेवतो; कारण ते विचारल्यावाचून गिऱ्हाईक आत येणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. ज्या दिवशी भिवंडीतील प्रत्येक कुटुंब त्याच सहजतेने “दुसरा जिना कोठे आहे?” असे विचारील, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर उठून दुसरीकडे जाईल, त्या दिवशी त्या जिन्यासमोरच्या खुर्च्या हलवण्यासाठी कोणत्याही तपासनिसाची वाट पाहावी लागणार नाही. हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि ओळखही लागत नाही. पुढच्या शुक्रवारी घरचे सारे बाहेर निघाल, तेव्हा तो विचारा, आणि उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून मगच बसा.