किल्ली नवी, कुलूप जुनंच

गाडीची किल्ली चोरीला गेली असेल, तर नुसती दुसरी किल्ली करून घेऊन थांबू नका. कुलपंही बदला, नाहीतर नव्या किल्लीला जुळवून घ्या. आमच्या घरी हे काम अर्धंच झालं आणि त्याचा भुर्दंड आम्ही भरलाय, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

मिरजेला एका लग्नात, कार्यालयातल्या खोलीतून बायकोची पर्स गेली. पर्समध्ये गाडीची एक किल्ली होती आणि आरसी बुकाची झेरॉक्स. म्हणजे किल्ली, गाडीचा नंबर आणि घरचा पत्ता, तिन्ही एकदम चोराच्या हाती. पोलिसांत तक्रार दिली, माझ्याकडच्या किल्लीने गाडी घरी आणली आणि सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे नवी किल्ली कापून दिली, लॅपटॉप जोडून तिचं कोडिंग केलं आणि चोरीला गेलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या मेमरीतून पुसून टाकली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, आता ती किल्ली म्हणजे नुसता पत्रा. तिने गाडी चालूच होणार नाही." खरंच होतं ते. पण त्याच किल्लीने दार उघडेल, हे काही कुणी बोललं नाही.

काही आठवड्यांनी सकाळी पार्किंगमध्ये आलो, तर म्युझिक सिस्टीम गायब, डिकीतली स्टेपनी आणि जॅकही गायब. साधी हॅचबॅक, अलार्म नसलेली. काचा शाबूत, दारावर ओरखडा नाही. हवालदारांनी दाराच्या कुलपात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "हे फोडलेलं नाही. किल्लीनेच उघडलंय."

आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत दोन वेगवेगळी कामं एकत्र केलेली असतात. एक पातं, ज्याच्या खाचांनी कुलूप फिरतं. दुसरी मुठीतली बारीकशी चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्यातून मिळणाऱ्या लहरींवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा निघाला तरच इंजिन चालू राहतं. हाच इमोबिलायझर. ब्रिटनमध्ये तो नव्या गाड्यांना १९९८ पासून सक्तीचा झाला. सर्व्हिस सेंटरने पुसली ती चिपची नोंद. पात्याच्या खाचा आणि दाराचं कुलूप यांना त्या लॅपटॉपचा हातही लागला नव्हता.

याची उलट बाजू अमेरिकेत दिसली. तिथल्या किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरंसोरं इग्निशन लॉक उचकटून यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या चालू करून नेऊ लागली. तिथे कुलूप होतं, चिप नव्हती. आमच्याकडे चिप बदलली, कुलूप तसंच राहिलं.

मग ओळखीतून एक जुने चावीवाले काका मिळाले. त्यांनी दाराचा आणि डिकीचा सिलिंडर काढला, इग्निशनचा बाहेर घेतला आणि पांढऱ्या फडक्यावर मांडले. मी शेजारी बसून पाहत होतो. सिलिंडरमधून पितळी पत्त्या निघाल्या, नखाएवढ्या, मध्ये चौकोनी खिडकी असलेल्या. प्रत्येक पत्तीखाली केसासारखी स्प्रिंग आणि पत्तीवर कोरलेला बारीक आकडा. खिडकी किती वर आहे, यावर तो आकडा ठरतो. किल्ली आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पत्ती आपापल्या उंचीवर धरतात. सगळ्या पत्त्या गोल गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट झाल्या, तरच गाभा फिरतो. काकांनी नव्या खाचांची किल्ली कापून गाभ्यात घातली, तर चार पत्त्या बोटाला टोचतील इतक्या वर आलेल्या. त्या चिमट्याने काढून त्यांनी जुळणाऱ्या आकड्याच्या पत्त्या बसवल्या आणि माझं बोट वरून फिरवायला लावलं. एकही टोचली नाही.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. घाईतला कारागीर पत्ती बदलण्याऐवजी वर आलेलं टोक कानशीने घासतो, नाहीतर ती पत्ती काढूनच टाकतो. किल्ली लोण्यासारखी फिरते, आपण खूश होतो. पण असं कुलूप भलत्याच किल्लीनेही उघडू शकतं. म्हणून काम समोर बसून करून घ्या. झाल्यावर नवी किल्ली प्रत्येक कुलपात चालवून पाहाच, पण जुन्या खाचांची किल्लीही प्रत्येक ठिकाणी घालून बघा. ती कुठेच फिरता कामा नये. आमच्याकडे राहिलेली दुसरी किल्लीही अर्थात नव्या खाचांनी करून घ्यावी लागली.

हे जुळवणं जमत नसेल, कुलपं झिजलेली असतील, तर कंपनीचा पूर्ण लॉकसेट घ्या. महाग पडतो, पण प्रश्न मिटतो. फक्त एका दाराचा सिलिंडर बिघडला असेल, तर मात्र नव्या सिलिंडरच्या पत्त्या जुन्या किल्लीप्रमाणे लावून घेता येतात. एका गाडीला दोन किल्ल्या बाळगायची गरज नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीवाल्यांनीही स्वतःला यातून वगळू नये. बहुतेक रिमोटच्या पोटात पातं लपलेलं असतं आणि दाराच्या हँडलशी टोपणाआड कुलूप असतं.

डुप्लिकेट करायची तर रोजच्या झिजलेल्या किल्लीवरून करू नका. झीजही नकलेत उतरते. कपाटातली कमी वापरलेली किल्ली द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे किल्लीच्या नंबरावरून कापून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांच्या किल्ल्यांबरोबर हा नंबर असलेला छोटा बिल्ला मिळतो. तो किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका आणि गाडीतही ठेवू नका; घरच्या कागदपत्रांत असू द्या. तो नंबर ज्याच्या हाती, त्याला किल्ली पाहायचीही गरज उरत नाही.

कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या, कारण काही गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि घरी राहिलेली किल्ली निरुपयोगी होते. किल्ली हरवल्याच्या तक्रारीची प्रत आणि कोडिंगचं बिलही जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक का नाही याचं उत्तर त्या कागदांतच असतं. जुनी गाडी विकत घेताना हेच मालकाला विचारा: दुसरी किल्ली कुठे आहे, बिल्ला कुठे आहे. गोलमोल उत्तर आलं, तर मेमरीत किती किल्ल्यांची नोंद आहे ते स्कॅनर लावून पाहा, बऱ्याच गाड्यांत ते दिसतं. आणि कुलपं जुळवून घेण्याचा खर्च सौद्यातच वळता करा.