कलहारीतील ‘डेव्हिल्स क्लॉ’: सांधेदुखीवरील कंद आणि काढणीची शिस्त

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कलहारी हा लालसर वाळूचा आणि अल्प, अनिश्चित पर्जन्याचा प्रदेश आहे. नामिबिया, बोत्सवाना व दक्षिण आफ्रिका या देशांतील या वालुकामय जमिनीत तिळाच्या कुळातील एक बहुवर्षायू वनस्पती वाढते. तिचे शास्त्रीय नाव हार्पॅगोफायटम प्रोकम्बेन्स. फळावरील आकडीसारख्या काट्यांमुळे तिला ‘डेव्हिल्स क्लॉ’, म्हणजे सैतानाची नखी, असे नाव पडले. हे काटे जनावरांच्या खुरांत व केसांत अडकतात आणि त्यायोगे बियांचा प्रसार होतो.

वनस्पतीची रचना

पावसाळ्यात जमिनीलगत पसरणारे वेल व जांभळट-गुलाबी नळीदार फुले दिसतात. कोरड्या ऋतूत वरचा भाग वाळून जातो. जमिनीखालील मुख्य मूळ मात्र जिवंत राहते. या मातृमुळापासून आडव्या दिशेने दुय्यम कंद निघतात. औषधात वापरले जातात ते हे दुय्यम कंद.

औषधी उपयोग

सान व अन्य स्थानिक समाजांत या कंदाचा काढा वेदना, ताप व पचनाच्या तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी ही माहिती जर्मन वसाहतकारांमार्फत युरोपात पोहोचली, आणि १९६० च्या दशकापासून नामिबियातून कंदांची व्यापारी निर्यात वाढली. आज जागतिक बाजारातील बहुतांश माल नामिबियाचा असतो.

कंदात हार्पॅगोसाइड हे इरिडॉइड वर्गातील संयुग असते. युरोपीय औषधकोशानुसार वाळलेल्या कंदात त्याचे प्रमाण किमान १.२ टक्के असावे लागते. कंबरदुखी व सांध्यांच्या झिजेवरील काही चाचण्यांत वेदना कमी झाल्याचे आढळले आहे; तथापि पुरावा मर्यादित आहे. युरोपीय औषध संस्थेनेही सौम्य सांधेदुखीसाठीची मान्यता दीर्घकालीन पारंपरिक वापराच्या आधारेच दिली आहे. सांध्याला सूज, लाली किंवा ताप असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. जठरातील व्रण किंवा पित्ताशयातील खडे असणाऱ्यांनी व गर्भवतींनी हे औषध टाळावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

काढणीची पद्धत

मागणी वाढताच अनेक ठिकाणी मातृमुळासह संपूर्ण झाड उपटले जाऊ लागले. असे झाड पुन्हा फुटत नाही. बियांची सुप्तावस्था दीर्घ असल्याने नवी रोपेही सहज येत नाहीत. नामिबियाने १९७७ मध्ये या वनस्पतीला संरक्षण दिले व काढणीसाठी परवाना आवश्यक केला. शाश्वत काढणीची रीत सोपी आहे:

१. मातृमुळापासून काही अंतरावर बाजूने खणावे.
२. मोठे दुय्यम कंद काढावेत. मातृमुळाला इजा होऊ देऊ नये.
३. खड्डा लगेच मातीने बुजवावा.
४. तीच जागा पुन्हा खणण्यापूर्वी झाडांना काही वर्षे विश्रांती द्यावी.

न्याए न्याए येथील सान समाजासाठी कंदविक्री हे रोख उत्पन्नाचे एक साधन आहे. मातृमूळ गेले की पुढील हंगामाची मिळकतही जाते.

वाळवण, साठवण व कीड

ताज्या कंदात सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे कंदांच्या पातळ चकत्या करून त्या जमिनीपासून उंच जाळीवर वाळवतात. वाळवणी अपुरी राहिल्यास बुरशी येते. साठवणीत वाळलेल्या मुळांना दोन भुंगेरे विशेष उपद्रवी ठरतात: सिगारेट भुंगेरा (लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी) आणि औषधी भुंगेरा (स्टेगोबियम पॅनिसियम). दोन्ही दोन ते तीन मिलिमीटर लांबीचे व तांबूस-तपकिरी असतात. पहिल्याच्या मिशा करवतीसारख्या व पाठीवरील पंख गुळगुळीत असतात. दुसऱ्याच्या मिशांच्या टोकाला तीन खंडांची गाठ व पंखांवर उभ्या रेषा दिसतात. खरे नुकसान अळ्या करतात. त्या आत बोगदे पाडतात आणि बारीक छिद्रे व भुकटी ही लक्षणे मागाहून दिसतात.

हेच भुंगेरे आपल्याकडील हळद, सुंठ व अश्वगंधा यांच्या साठ्यातही आढळतात. म्हणून माल पूर्ण वाळवणे, जुन्या मालाचे अवशेष काढून कोठार स्वच्छ ठेवणे, हवाबंद साठवण करणे आणि नियमित पाहणी करणे हे उपाय येथेही तितकेच लागू पडतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्रात पडीक जमिनीत दिसणारी वाघनखी (मार्टिनिया ॲन्युआ) ही मूळ मेक्सिकोकडील, भिन्न कुळातील वनस्पती आहे. तिच्याही फळाला आकड्या असल्याने इंग्रजीत कधी कधी तिलाही डेव्हिल्स क्लॉ म्हणतात. या नामसाधर्म्यावरून तिचे मूळ सांधेदुखीवर देणे चुकीचे आहे. औषधी वनस्पतींची खरेदी-विक्री शास्त्रीय नावानेच करावी.

ज्या वनस्पतीचे मूळ हेच औषध आहे, तिच्या बाबतीत किती काढले याइतकेच काय मागे ठेवले हेही महत्त्वाचे असते. जंगलातून मुळे गोळा करणाऱ्या गटांना प्रशिक्षण देताना या मुद्द्यावर भर द्यावा.