खडकाळ लाटेत उतरण्याआधी

मु. राहनाळ, ता. भिवंडी

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात डाकारला जायचं नक्की झालं, हे ताईच्या फोनवरून कळलं. तिथल्या बंदरातलं मालाचं काम तू सांभाळशील, याची इथे कोणालाच शंका नाही. राहनाळच्या गोदामांत लहानाचा मोठा झालेल्या मुलाला चढ-उतार आणि चलनाचे कागद वेगळे शिकवावे लागत नाहीत. काळजी आहे ती सुट्टीच्या दिवसाची. गोव्यात हरमल-आश्वेच्या वाळूवर बोर्डावर उभं राहायला शिकलेला मुलगा सेनेगलच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटेत उतरणार, म्हणून हे पत्र. सर्फिंग सोड असं यात कुठेही लिहिलेलं नाही. मामाचं एकच सांगणं आहे: पाण्यातून बाहेर कुठून यायचं, हे कोरड्या पायांनी ठरवायचं आणि मगच आत जायचं.

डाकार शहर वसलंय काप-व्हेर नावाच्या द्वीपकल्पावर. आफ्रिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक, पॉइंट देझ आल्मादी, याच शहरात आहे. जमीन समुद्रात इतकी पुढे घुसल्यामुळे हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या वादळांतून निघालेल्या लाटा तिच्यावर सरळ येऊन आदळतात. तळाचा दगड ज्वालामुखीचा, काळा, आपल्या कोकणकड्याच्या नात्यातला. शहराच्या उत्तर अंगाला योफची लांब वाळू आहे आणि तिथून जवळच न्गोर नावाचं चिमुकलं बेट. ब्रूस ब्राउनच्या ‘द एंडलेस समर’ या 1966 च्या माहितीपटात माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे कॅलिफोर्नियाचे दोन तरुण लाटांच्या मागे जगभर फिरतात, आणि आफ्रिकेत ते सगळ्यात आधी सेनेगललाच येतात. न्गोरची उजवीकडे सरकत जाणारी लाट तेव्हापासून जगाला माहीत झाली.

पण त्या किनाऱ्याला सर्फिंग काही कॅलिफोर्नियाने शिकवलेलं नाही. मायकेल हेमरसाम नावाच्या जर्मन माणसाने 1640 च्या दशकात गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, आईबाप लहान मुलांना फळीला बांधून पाण्यात सोडतात असं लिहून ठेवलं; ते पोहणं शिकवणं आहे असं त्याला वाटलं, पण आज त्यात सर्फिंगची जुनी नोंद पाहिली जाते. कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जोसेफ बँक्सने ताहितीत लाटांवर स्वार होणारे लोक पाहिले ते 1769 मध्ये, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. केव्हिन डॉसन या इतिहासकाराने 2018 च्या ‘अंडरकरंट्स ऑफ पॉवर’ या पुस्तकात पश्चिम आफ्रिकेच्या या पाण्यातल्या विद्येचा मोठा पट मांडला आहे. आज न्गोरमध्येच वाढलेली खाजू सांब सेनेगलची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली जाते. तेव्हा तिथे जाताना विद्यार्थी म्हणून जा. लाटेच्या रांगेत स्थानिक पोराचा नंबर आधी, पाहुण्याचा नंतर.

आता वाळू आणि खडक यांतला फरक. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट फुटते त्या ठिकाणी खाली जेमतेम सव्वा मीटर पाणी असतं. हरमलला तेवढ्या पाण्यात पडलं तर गुडघ्याला वाळू लागते, फार तर तोंडात जाते. खडकाळ तळावर त्याच सव्वा मीटरमध्ये अर्ध्या मीटरचा धोंडा लपलेला असेल, तर अंगाखाली उरतं पाऊण मीटर पाणी, आणि लाट माणसाला डोक्यावरून फिरवत असते. हा हिशेब बोर्ड काखेत असताना आठवत नाही, म्हणून घरी बसून पाठ करायचा.

वाळू आणि दगड मिसळलेला किनारा तर आणखी फसवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, खालचे दगड उघडे पडतात आणि दिवाळीनंतर वाळू हळूहळू परत चढते. हणजूण-वागातोरला हे तू पाहिलंच आहेस. डाकारच्या बाजूला मोठ्या लाटांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे तू पोचशील त्याच सुमाराला वाळू हलायला लागलेली असेल. मागच्या वर्षी काढलेला व्हिडिओ, कोणी सांगितलेली ‘इथे खाली सगळी वाळू आहे’ ही खात्री, यांवर विसंबायचं नाही.

लपलेला दगड पाण्यावर खूण ठेवतो, ती ओळखायला शीक. लाट पुढे सरकून गेली की बाकी पाणी खवळलेलं, फेसाळ दिसतं, पण दगडाच्या बरोबर वर एक गोल, तेलकट, तुळतुळीत चकती उमटते. खालून धक्का खाऊन वर आलेलं पाणी तिथे फुगतं आणि पसरतं. पुढची लाट आली की चकती पुन्हा त्याच जागी. ओहोटीला तिथेच काळं टोक बाहेर येतं, त्यावर कालवांच्या पात्यासारख्या कडा असतात, आणि फटींतून सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे बसलेले असतात. अर्चिनचा काटा तळव्यात घुसला की कातडीखाली तुकड्यातुकड्यांनी मोडतो आणि चिमट्यात येत नाही. न्गोरच्या लाटेखाली हे गोळे मुबलक आहेत, म्हणून जाड तळाचे रीफ बूट इथूनच घेऊन जा.

यासाठी पूर्ण ओहोटीच्या वेळी एकदा किनाऱ्यावर नुसतं बसायचं. बोर्ड खोलीवर ठेवून. मोबाइलवर फोटो काढायचे, दगड कुठल्या झाडाच्या किंवा घराच्या रेषेत येतात ते टिपायचं. भरतीत तोच किनारा निरागस दिसतो.

भरती-ओहोटीचं आपल्या घरात कोणाला नवल नाही. कशेळी-काल्हेरच्या खाडीला पाणी कधी चढतं नि कधी उतरतं, हे आजोबा तिथीवरून सांगायचे: तिथीच्या पाऊणपट तास धरायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्याला भरती तीनच्या सुमाराला, आणि खाडीत आत यायला तिला आणखी वेळ लागतो. हा हिशेब अरबी समुद्राच्या या काठापुरता. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी, त्यामुळे डाकारला पाऊणपटीने गणित करू नकोस, तिथलं छापील कोष्टक घे. मात्र भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

फरक आहे तो उंचीत. मुंबईला पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. डाकारला पाण्याची चढउतार याच्या निम्म्याहूनही कमी असते. एवढ्या थोड्या फरकाने काय होणार, असं वाटू शकतं. पण उथळ खडकावर हातभर पाण्याचाच प्रश्न असतो. सकाळी अकराला ज्या दगडावरून बोर्ड अलगद गेला, तोच दगड दुपारी एकला बोर्डाचे फिन्स मोडतो.

हवामानाच्या ॲपवर लाटेची उंची सगळे बघतात, तिच्याशेजारचा सेकंदांचा आकडा फार थोडे बघतात. दोन लाटांमध्ये सहा सेकंदांचं अंतर असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. चौदा-पंधरा सेकंद असतील तर लाट हजारो किलोमीटरवरून ताकद साठवत आलेली आहे आणि उंची तेवढीच दिसली तरी ती कितीतरी जास्त पाणी पुढे ढकलते. गोव्याच्या हिवाळ्यात तुझी ओळख पहिल्या जातीशी झाली. अटलांटिकमध्ये दुसरी जात भेटेल. ती जथ्याने येते: दहा-पंधरा मिनिटं पाणी शांत, मग एकामागून एक मोठ्या लाटा. नवखा सर्फर त्या शांत दहा मिनिटांत किनाऱ्यावर पोचतो, ‘आज सोपं आहे’ म्हणतो आणि आत शिरतो. म्हणून निदान अर्धा तास बघितल्याशिवाय उठायचं नाही.

लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत ती वाट दोन उथळ पट्ट्यांच्या मधून जाते, खडकाळ ठिकाणी बहुधा खडकाला चिकटून. पाण्याचा तो पट्टा जास्त गडद दिसतो, त्यावर लाटा कमी फुटतात, त्यामुळे अनोळखी माणसाला तोच सुरक्षित वाटतो. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली पान झानलेने 100 मीटर पोहण्याचा जागतिक विक्रम केला तो 46.40 सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरहून थोडं कमीच. जगातला सगळ्यात वेगवान माणूस ज्याच्याशी जेमतेम बरोबरी करील, त्याच्याशी उलटं पोहून कोणी जिंकत नाही. जाणकार सर्फर याच प्रवाहावर बसून आत जातात आणि येताना त्याच्यापासून दूर, फुटणाऱ्या लाटेच्या बाजूने येतात. ओढला गेलास तर बोर्ड सोडू नकोस, त्यावर पालथा पड, किनाऱ्याला समांतर हात मार.

हे लिहिताना मुरूड आठवतं. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल तिथे गेली होती आणि 14 विद्यार्थी बुडाले. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला खडकाचा सपाट ओटा पाहायला माणसं खाली उतरतात, एखादी मोठी लाट ओट्यावर चढते आणि परत जाताना माणसाला घेऊन जाते. असे जीव तिथे अनेकदा गेले आहेत. गोव्यात 2008 पासून दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत, लाल बावटा लावतात, शिट्टी मारतात. तू शिकलास तो त्यांच्या नजरेखाली. डाकारच्या प्रत्येक खडकाळ वळणावर शिट्टी मारणारा उभा असेल असं धरून चालू नकोस.

मग विचारायचं कोणाला? मामाचं ठाम मत आहे की होड्यांवरच्या माणसांना. न्गोर आणि योफ ही लेबू समाजाची जुनी मासेमारीची गावं. त्यांच्या लांब, रंगीबेरंगी होड्यांना पिरोग म्हणतात. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देऊन पुन्हा बाहेर पडतात. खवळलेल्या पाण्यात कुठून शिरायचं हे त्यांना कोणी नकाशावर दाखवत नाही. लेबूंचंही तसंच. पिरोग ज्या फटीतून किनाऱ्याला लागतो, तिथे दगड कमी आणि पाणी खोल असतं, नाहीतर होडी केव्हाच फुटली असती. तीच बाहेर यायची वाट. ती नीट बघून ठेव, पण तिच्यात लाटा पकडत बसू नकोस, होडीवाल्याला ती मोकळी लागते. फ्रेंच येत नसेल तर हाताने दाखवून विचार, आणि पहिले काही रविवार तिथल्याच एखाद्या शिक्षकाला पैसे देऊन त्याच्याबरोबर उतर. तो खर्च वाचवण्यासारखा नाही.

पडणं शिकावं लागेल, उभं राहण्यापेक्षाही आधी. उथळ पाण्यात सूर मारायचा नाही, पाय ताठ ठेवून उडी टाकायची नाही. पाठीवर किंवा कुशीवर, अंग पसरून, जितकं वरच्या वर पडता येईल तितकं पडायचं. पाण्याखाली दोन्ही हात डोक्याभोवती, वर येताना एक हात आधी वर, कारण आपलाच बोर्ड तोंडावर येतो. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, खडकात अडकली तर घोट्याजवळची पट्टी ओढून ती सोडवता आली पाहिजे. डोळे मिटून, खोलीत बसून याचा सराव कर. डोक्याला हेल्मेट घाल. कोणी हसलं तर हसू दे.

सेनेगल उष्ण देश, म्हणून पाणीही कोमट असेल असं समजू नकोस. हिवाळ्यात खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान वीस अंशांच्या खाली-वर राहतं. पूर्ण अंगाचा वेटसूट लागेल. गारठलेले हात पॅडल मारत नाहीत, आणि दमलेल्या सर्फरची शेवटची लाट हीच सगळ्यात धोक्याची. अंगात थोडा दम शिल्लक असतानाच बाहेर ये.

खरचटलं तर गोड्या पाण्याने नि साबणाने लगेच धू, वाळूचा कण आत राहू देऊ नकोस. काटा घुसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडव आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधीच घेऊन टाक, हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

तुझी हौस आम्हाला हलकी वाटत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं; या स्पर्धेत भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. खाडीकाठच्या गावातल्या पोरांनीही या खेळात यावं, असं मनापासून वाटतं.

एक काम मात्र लगेच कर. सेनेगलहून परतताना यलो फीवरच्या लशीचा दाखला जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिचा दाखला 10 दिवसांनी लागू होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. मुंबईच्या केंद्रात तारीख मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा याच आठवड्यात नाव नोंदव.

तुझा,
मामा